गोरेगाव, जि. गोंदिया : छोट्या जाहिरातीचा पल्ला

भ्रमणध्वनीवर जुन्या-नव्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे एखादे संकेतस्थळ उघडावे आणि शोधाच्या चौकटीत ‘गोरेगाव’ एवढाच शब्द लिहावा. उत्तरादाखल सदनिकांची रांग लागते : स्थानकापासून चालत सात मिनिटे, पूर्वेकडे तोंड, चोवीस तास पाणी, दलालांनी संपर्क साधू नये. हे मुंबईचे उपनगर. ज्या गोरेगावाविषयी आम्ही लिहिणार आहोत ते तेथून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यात आहे. धानाच्या बांध्यांमधले, तहसील कचेरीचे आणि नगर पंचायतीचे गाव. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. तालुक्यातले हिरडामाली हे स्थानक गोंदिया-चांदा फोर्ट लोहमार्गावर आहे. आणखी एक गोरेगाव रायगड जिल्ह्यात आहे, एक हिंगोलीत आहे. त्यामुळे इथल्या माणसाला आपला पत्ता सांगताना ‘जि. गोंदिया’ हे दोन शब्द जोडावेच लागतात. बोलताना त्याने काही बिघडत नाही. परंतु शब्दांवर दर आकारणाऱ्या छोट्या जाहिरातीत या दोन शब्दांचेही पैसे पडतात.

हे दोन जादा शब्द आम्हाला फार दिवस खुणावत आहेत. छोट्या जाहिरातींकडे आपण सहसा गंमत म्हणून पाहतो. ‘वर पाहिजे’च्या मजकुरातील विनोद, छपाईच्या चुका, नको तिथे नको ती ओळ असे वेचे काढून हसण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. आमच्या मते या जाहिरातींचा खरा इतिहास मजकुरापेक्षा त्यांच्या पल्ल्याचा आहे. एका माणसाने दिलेली हाक किती अंतरापर्यंत ऐकू जाते, कोणाला ऐकू जाते, आणि कोणाला ती ऐकू जाऊ नये अशी व्यवस्था कोण करतो, हे प्रश्न दवंडीच्या काळी होते, वर्तमानपत्राच्या काळी होते आणि आजही आहेत. गोरेगावसारख्या ठिकाणाहून पाहिले तर ते अधिक स्पष्ट दिसतात, कारण राजधानीच्या शहरात हाक कुठेही ऐकू जाते असा भास होऊ शकतो. तालुक्याच्या गावाला ती चैन नसते.

प्रारंभ दवंडीपासून करणे भाग आहे. विदर्भात तिला ‘दौंडी’ही म्हणतात. कोतवालाने चावडीपाशी, मग एकेका मोहल्ल्याच्या तोंडाशी उभे राहून डफ वाजवायचा आणि सरकारी निरोप ओरडून सांगायचा, ही पद्धत खेड्यापाड्यांत आताआतापर्यंत पाहिलेली माणसे आहेत. तिचा पल्ला साधा होता : आवाज पोहोचेल तिथवर. गावची शीव हीच जाहिरातीची शीव. ज्याला उद्देशून दवंडी आहे तो गावात असणार आणि गावात असेल तर त्याला ती कळणार, हे तिच्यामागचे गृहीतक. ते नेहमी खरे ठरत असे असे नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत डफ गेला की नाही, रानात गेलेल्या माणसाने तो ऐकला की नाही, याचा हिशेब कोणी ठेवत नसे. ओरडणारा आणि ओरडून घेणारा यांच्यातली जातीची दरीही विसरता येत नाही. पूर्वी ज्याने साऱ्या गावाला निरोप द्यायचा त्याच माणसाला पुष्कळदा साऱ्या गावात मोकळेपणी वावरण्याची मुभा नसे.

ही दवंडी कायद्यातून अजून पुरती गेलेली नाही. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम कसा जाहीर करावा हे सांगताना एकविसाव्या आदेशाचा चोपन्नावा नियम म्हणतो की तो त्या मालमत्तेवर किंवा तिच्यालगत ढोल वाजवून अथवा रूढ असलेल्या अन्य रीतीने जाहीर करावा. त्याच संहितेच्या पाचव्या आदेशात, ज्या प्रतिवादीला समन्स बजावता येत नाही त्याच्यासाठी वर्तमानपत्रातील जाहिरातीचा मार्ग आहे. १९७६च्या दुरुस्तीने तेथे एक महत्त्वाचे कलम घातले : हे वर्तमानपत्र दैनिक असावे आणि प्रतिवादी शेवटी जेथे राहत होता असे ठाऊक आहे त्या भागात ते खपत असावे. ढोलाच्या जागी कागद आला, पण ऐकू येण्याची अट कायद्याने सोडली नाही. कर्जवसुलीच्या २००२च्या नियमांतही ताबा नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी, त्यांपैकी एक त्या भागात पुरेसा खप असलेले देशी भाषेतील असावे, असे म्हटले आहे. जाहिरात देणे वेगळे आणि ती ऐकू जाणे वेगळे, ही जाण या शब्दांत दिसते.

छापील जाहिरातीचे आपल्याकडचे वय वर्तमानपत्राएवढेच आहे. २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात निघालेल्या हिकीच्या ‘बेंगॉल गॅझेट’च्या पूर्ण नावातच ‘जनरल ॲडव्हर्टायझर’ हे शब्द होते. लंडनच्या ‘टाइम्स’ने तर ३ मे १९६६पर्यंत आपले पहिले पान छोट्या जाहिरातींनाच दिले होते, त्या दिवशी प्रथम तेथे बातम्या आल्या. जन्म, मृत्यू, विवाह, नोकर पाहिजे, जहाज सुटणार या मजकुराने भरलेले ते पान पाहून आज नवल वाटते. परंतु वाचकाला शेजारचा माणूस काय विकतो आहे हे जगाच्या उलथापालथीइतकेच निकडीचे वाटते, हे त्या संपादकांना कळत असावे. मराठीत ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, आणि पुढच्या शंभर वर्षांत मराठी वर्तमानपत्र वाचणारा एक वर्ग तयार झाला. त्याबरोबर या वर्गाला उद्देशून काही मागणाऱ्यांचाही एक वर्ग तयार झाला.

या मागण्यांपैकी एक सर्वपरिचित आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव करताना दादासाहेब फाळके यांनी नटांसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. देखणी माणसे मिळावीत म्हणून दिलेल्या या जाहिरातींना आलेल्या प्रतिसादाच्या हकिकती पुष्कळदा सांगितल्या जातात. मुद्द्याची गोष्ट एवढीच की स्त्रीची भूमिका करायला स्त्री मिळाली नाही आणि तारामती अण्णा साळुंके यांनी केली. ३ मे १९१३ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. हाक सर्वदूर गेली, पण जिला ती दिली तिला ‘ओ’ देण्याची मुभाच नव्हती. पल्ल्याची ही दुसरी मर्यादा. योगायोग असा की मुंबईतल्या गोरेगावात १९७७ साली उभारलेल्या चित्रनगरीला पुढे फाळक्यांचेच नाव दिले गेले. आज ‘कलाकार पाहिजेत’ या जाहिरातींत गोरेगाव हे नाव इतक्यांदा येते की गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावाचे नाव त्यांच्या गर्दीत सापडू नये.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याच्या आगमनाची जाहिरात ‘केसरी’त यावी अशी विनंती करण्यात आली, त्यासाठी आकारही देऊ केला गेला; पण ‘केसरी’ने ती छापली नाही. लोकमान्य तेव्हा हयात होते. धनंजय कीरांच्या आंबेडकर-चरित्रात हा प्रसंग नोंदलेला आहे. जाहिरातीच्या रकान्याविषयी आपली अशी समजूत असते की तिथे पैसे हा एकच परवाना. बातमीत ज्याला जागा नाही त्याला निदान तिथे दाम मोजून जागा मिळते. मूकनायकाचा अनुभव या समजुतीला छेद देतो. रकान्याच्या दारातही कोणीतरी उभा असतो. पुढे अनेक वर्षे मराठी वधू-वरांच्या जाहिरातींत ‘पोटजातीची अट नाही’ असे औदार्य आणि ‘एससी/एसटी क्षमस्व’ असा नकार एकाच पानावर, एकाच दराने छापला गेला. ‘क्षमस्व’ हा शब्द मराठीत इतका निर्दय क्वचितच वापरला गेला असेल.

आता गोरेगावकडे वळू. या भागात मराठी वर्तमानपत्र आले ते प्रामुख्याने नागपूरकडून. गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ १९१४ साली नागपुरात निघाले. १९४४ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादनाखाली ‘तरुण भारत’ हे दैनिक सुरू झाले. लोकनायक अण्यांनी १९१८ साली यवतमाळात काढलेल्या ‘लोकमत’चे नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी पुन्हा उभे केले आणि १५ डिसेंबर १९७१ रोजी ते नागपुरातून दैनिक झाले. गोंदिया हे लोहमार्गाचे मोठे जंक्शन. शहरात हिंदीचा वावर भरपूर, खेड्यांत पोवारी, झाडीबोली, गोंडी आणि पलीकडे छत्तीसगढी. एकाच घरात बातम्या हिंदीत वाचल्या जातात आणि नोटीस मराठीत, अशी ही सरहद्द आहे.

या सरहद्दीचा एक फायदा इतिहासाच्या अभ्यासकाला होतो. गोरेगावचा पत्ता पाहून जाहिरातीचा काळ सांगता येतो. हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात असताना पत्त्यात ‘जि. भंडारा’ येणार, त्यापुढे ‘सी. पी.’ असेल तर ती जाहिरात इंग्रजी अमदानीतली किंवा तिच्या लगतची, ‘मध्यप्रदेश’ असेल तर १९५० ते १९५६ मधली, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तेव्हापासून ‘जि. गोंदिया’ हे शब्द आले. गाव जागचे हलले नाही; त्याच्या नावापुढची शेपटी चार वेळा बदलली. सरकारी फेरबदल माणसाच्या रोजच्या लिहिण्यात कधी व किती सहज मुरले, हे पाहायचे तर दप्तरांपेक्षा या ओळी अधिक प्रामाणिक साक्ष देतील. सवय अशी सहजासहजी सुटत नसते. नवा जिल्हा झाल्यावरही जुना पत्ता लिहिणारे हात असणारच.

तालुक्याच्या गावातील छोटी जाहिरात म्हणजे सोफा विकणे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी जिल्ह्याचे पान काळजीपूर्वक पाहावे. जुना ट्रॅक्टर, मळणी यंत्र, राइस मिलला ऑपरेटर पाहिजे, शाळेला शिक्षक पाहिजे, हे तिथे असतेच. पण पानाचा मोठा भाग कायद्याने बोलायला लावलेल्या माणसांनी व्यापलेला असतो. त्यांतला सर्वांत ओळखीचा नमुना वकिलामार्फत दिलेल्या जाहीर नोटिशीचा. मौजा अमुक, तलाठी साझा अमुक, तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया, गट क्रमांक, आराजी हेक्टर-आरमध्ये. माझ्या पक्षकाराने ही शेतजमीन विकत घेण्याचा सौदा करून इसारपत्र केले आहे. कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा असल्यास सात दिवसांत पुराव्यानिशी कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास तसा हक्क नाही असे समजण्यात येईल. पश्चिम महाराष्ट्रात ‘मौजे’ म्हणतील, इथे ‘मौजा’. तिकडे ‘विसार’, इकडे ‘इसार’. एवढ्या ठराविक मजकुरातही प्रदेशाची बोली आपली जागा सोडत नाही.

या नोटिशीतील ‘समजण्यात येईल’ हे क्रियापद सौम्य दिसते, पण अनेक घरांचे भवितव्य त्यावर लोंबकळत असते. ९ सप्टेंबर २००५पासून हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यानंतर जमिनीच्या प्रत्येक सौद्यात बहिणींचा प्रश्न आला, हक्कसोडपत्रे आली, आणि जेथे ती झाली नाहीत तेथे अशा नोटिशीचे महत्त्व वाढले. आता अशी बहीण डोळ्यांसमोर आणावी जी वैनगंगेच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात दिली आहे. या दोन जिल्ह्यांत रोटी-बेटीचे व्यवहार जुने आहेत. तिच्या सासरी वर्तमानपत्र येत असले तर ते हिंदी असणार आणि मध्यप्रदेशचे असणार. तिच्या माहेरच्या शेताची नोटीस गोंदियाच्या मराठी पानावर सात दिवस ‘जाहीर’ असते, आणि ती सोडून सर्वांना ती दिसू शकते. खाजगी नोटिशीने कोणाचा हक्क आपोआप बुडत नाही, हे खरे. पण उद्या तंटा कोर्टात गेला तर खरेदीदार हेच कात्रण पुढे करतो : मी चौकशी केली, जाहिरात दिली, कोणी बोलले नाही. तिच्या न ऐकण्याला तिचे मौन म्हटले जाते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, जी व्यवहारातल्या सर्वांना ठाऊक असते आणि लिहिली क्वचित जाते. ज्याला नोटीस कोणी वाचू नये असे वाटते तो ती सर्वांत कमी खपाच्या पत्रात देतो. नियमाप्रमाणे प्रसिद्धी झाली, कात्रण फाइलला लागले, आणि हाक कोणाच्याही कानावर पडली नाही. ‘जाहीर’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ उघड, प्रकट असा आहे. जाहिरातीचा उपयोग झाकण्यासाठी होऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते. म्हणूनच ‘त्या भागात खपणारे’, ‘पुरेसा खप असलेले’ असे शब्द नियमांत पडले. ते शब्द पाळायला लावणे मात्र ज्याचे नुकसान होणार त्याच्यावरच सोडलेले असते, आणि त्याला नुकसानीचा पत्ताच नसतो.

दुसरा नमुना नावबदलाचा. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातील जाहिरात आणि राजपत्र, ही त्याची नेहमीची वाट. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनचे नावच ‘संकीर्ण सूचना व जाहिराती’ असे आहे. ही वाट चालणारे सगळेच हौसेने नाव बदलत नाहीत. लग्नानंतर नाव बदललेल्या, आणि घटस्फोटानंतर ते परत घेणाऱ्या स्त्रिया आहेत. जातिवाचक आडनाव टाकणारे आहेत. आणि फार मोठ्या संख्येने असे आहेत ज्यांचे नाव बदललेलेच नाही, फक्त निरनिराळ्या कागदांवर निरनिराळे उमटले आहे. सरहद्दीवरच्या भागात हे अधिक घडते. ‘कटरे’ आणि ‘कटारे’, ‘रहांगडाले’ आणि ‘राहांगडाले’. शाळेच्या दाखल्यावर मराठी गुरुजींनी लिहिलेले, हिंदी कारकुनाने उतरवलेले आणि यंत्राने रोमन लिपीत नेऊन परत आणलेले, अशी एकाच माणसाची तीन नावे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिले आधार कार्ड दिले गेले. त्यानंतर सर्व कागदांवरचे नाव अक्षरशः जुळावे ही अपेक्षा आली आणि जुन्या कारकुनी चुकांचे ओझे धारकाच्या डोक्यावर आले. ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे’ हे वाक्य असंख्य माणसांनी पैसे भरून छापून घेतले आहे. स्वतःची ओळख पटवण्यासाठी स्वतःच्याच खर्चाने दिलेली ही दवंडी होय.

तिसरा नमुना हरवलेल्यांचा. गुणपत्रिका हरवली, खरेदीखत हरवले, अशा जाहिराती कोरड्या असतात. त्यांच्याशेजारी माणसे हरवल्याच्या जाहिराती असतात त्या तशा राहू शकत नाहीत. अंगात निळा सदरा, डाव्या हातावर गोंदण, बोलताना अडखळतो. किंवा थेट त्यालाच उद्देशून : जेथे असशील तेथून परत ये, आई अंथरुणाला खिळली आहे, कोणी काही बोलणार नाही. हा मजकूर वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच शब्दांत येत राहतो, आणि तरी वाचणारा दर वेळी थांबतो. याच्या अगदी उलट टोकाला बेदखलीची जाहिरात : माझा मुलगा माझ्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणीही देण्याघेण्याचा व्यवहार करू नये, केल्यास मी जबाबदार राहणार नाही. अशा घोषणेने वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलाचा हक्क जात नाही, हे वकील सांगतात. तरीही बाप ती देतात. त्यांना न्यायालयाशी बोलायचे नसते. दुकानदारांशी, सोयऱ्यांशी आणि त्या मुलाशी बोलायचे असते. घरात जे बोलणे संपले ते पेपरात होते.

या रकान्यांना पावित्र्य बहाल करण्याचा आमचा हेतू नाही. फसवणुकीचाही मोठा इतिहास तिथेच लिहिलेला आहे. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ साली केंद्राला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्यानंतरही गुप्तरोग, वशीकरण, सात दिवसांत गुण हे शब्द छापले जात राहिले. अलीकडच्या काळात खेड्यांत सर्वांत जास्त माणसे गुंतली ती ‘आपल्या जागेत मोबाइल टॉवर उभारा, लाखो रुपये आगाऊ मिळवा’ या जाहिरातींत. नोंदणीचे म्हणून थोडे, मग कराचे म्हणून थोडे, असे पैसे उकळून समोरचा क्रमांक बंद होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाला याविरुद्ध सूचना काढाव्या लागल्या. कोरडवाहू पडीक तुकडा असलेल्या शेतकऱ्याला ती जाहिरात खरी का वाटली, हे समजण्यासाठी फार विचार करावा लागत नाही : ती त्याच्या रोजच्या पेपरात, त्याच्या ओळखीच्या पानावर, वकिलाच्या नोटिशीच्या शेजारी छापलेली होती. ‘जाहिरातीतील मजकुराशी हे पत्र सहमत असेलच असे नाही’ ही ओळ तळाला, वाचता येणार नाही एवढ्या बारीक टायपात असते. हाकेला पल्ला मिळवून देणाऱ्याने त्या हाकेची हमी नाकारणे, ही व्यवस्था नंतर महाजालाने जशीच्या तशी उचलली.

महाजालावर हा व्यवहार कसा गेला, हे सर्वांसमोर घडले आहे. १९९५ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी मित्रमंडळींसाठी एक पत्रयादी सुरू केली आणि तिची ‘क्रेगलिस्ट’ झाली. अमेरिकी वर्तमानपत्रांना छोट्या जाहिरातींतून २००० साली सुमारे १९.६ अब्ज डॉलर मिळत होते. २०१२ साली हा आकडा पाच अब्जांच्या खाली होता. आपल्याकडे १९९७ साली ‘नोकरी डॉट कॉम’ आले, २००६ साली ‘ओएलएक्स’ची स्थापना झाली, २००८ साली ‘क्विकर’, आणि पुढे फेसबुकचा बाजार. जाहिरात फुकट झाली, छायाचित्रासह झाली, शब्दांची कंजुषी संपली. पाहिजे ते, पाहिजे तितके लिहा. ‘जि. गोंदिया’ या दोन शब्दांना आता दाम लागत नाही.

परंतु पल्ल्याचा प्रश्न मिटला का? वर्तमानपत्राची जिल्हा आवृत्ती निघत होती तेव्हा गोरेगाव म्हटल्यावर कोणते, हे पानच सांगत असे. लांबच्या वाचकासाठी ‘जि. गोंदिया’ लागे, जवळच्याला नुसते गोरेगाव पुरे. ‘लोकमत’च्या ‘हॅलो’सारख्या जिल्हा पुरवण्यांनी ही जवळीक अधिकच घट्ट केली होती. महाजालावर पान नाही, शीव नाही. तेथे नावांची झुंज लागते आणि ज्या नावामागे अधिक माणसे, अधिक सदनिका, अधिक पैसा, ते नाव वर येते. जुना हार्वेस्टर विकणाऱ्याची हाक तत्त्वतः जगभर पोहोचते. प्रत्यक्षात ती शेजारच्या आमगावातल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याआधी मुंबईच्या गोरेगावात गडप होण्याचा संभव असतो. उलट, ज्याला फसवायचे आहे त्याला ती नेमकी सापडते. वस्तू न पाहताच विकत घ्यायला तयार असलेला, लष्करात आहे असे सांगणारा आणि पैसे पाठवण्याच्या नावाखाली संकेतचित्र स्कॅन करायला लावणारा खरेदीदार, ही फसवणूक याच संकेतस्थळांमुळे घराघरांत माहीत झाली.

सारख्या नावांच्या या गोंधळावर आपल्याकडे एकदा फार सुंदर तोडगा निघाला होता. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी. एकाच नावाची असंख्य गावे, अनेक लिपी आणि चुकीचे पत्ते यांवर त्यांनी सहा आकड्यांचे उत्तर दिले. गोरेगावच्या वाट्याला ४४१८०१ आले. या आकड्यापाशी लहान-मोठे गाव असा भेद नाही. मुंबईचे गोरेगाव त्याला झाकू शकत नाही. डाकघराने प्रत्येक गावाला समान अंतरावर धरले होते. बाजाराच्या शोधयंत्राकडून ती अपेक्षा करता येत नाही, कारण समान अंतर राखण्यात त्याचा लाभ नाही.

म्हणून गोरेगावसारख्या ठिकाणी आता विभागणी झाली आहे. विकणे, भाड्याने देणे, माणूस हवा असणे हे सारे व्हॉट्सॲपच्या गावगटांत गेले. एका परीने दवंडी परत आली : शीव आहे, ओळख आहे, आणि गटाबाहेरच्याला काही कळत नाही. वर्तमानपत्रात मुख्यतः ते उरले जे कायदा मागतो : नोटीस, नाव, हरवलेला कागद. आपल्या इच्छेने दिलेली हाक गटात जाते, सक्तीची पेपरात. बालाघाटला दिलेली बहीण दोन्हीकडे नाही.

आम्हाला अस्वस्थ करणारी शेवटची गोष्ट जतनाची आहे. दवंडीचा लेख राहत नसे. ती हवेत विरणार हे गृहीतच होते. छापील जाहिरात मात्र टिकू शकत होती. सामान्य माणसाने, स्वतःच्या शब्दांत किंवा वकिलाच्या शब्दांत, स्वतःच्या खर्चाने केलेली एवढी मोठी नोंद मराठीत दुसरी नाही. ज्यांच्यावर बातमी आली नाही, ज्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, त्यांचे शेत, त्यांच्या नावाची अक्षरे, पळून गेलेला मुलगा हे सारे त्या रकान्यांत आहे. ग्रंथालयांना वर्तमानपत्रे देण्याचा कायदा १९५४चा, त्यात वर्तमानपत्रे समाविष्ट झाली १९५६ साली. पण संशोधक अग्रलेख शोधत येतो, आणि बांधणी होते ती मुख्य अंकाची. जिल्ह्याची पुरवणी धानाच्या कोठीत खाली अंथरायला, नाही तर आलुपोंग्याच्या पुडीला जाते. व्हॉट्सॲपच्या गटातील मजकूर तर फोन बदलला की संपला. संकेतस्थळावरची जाहिरात वस्तू विकली की पुसली जाते. विकली गेली एवढेही तिच्यामागे उरत नाही.

यावर फार मोठा उपाय सुचवण्याची आमची पात्रता नाही. एक लहान सूचना करतो. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असते, तेथे वर्तमानपत्र येते, आणि महिनाअखेर ते रद्दीत जाते. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी जिल्ह्याच्या पानांचा गठ्ठा वेगळा काढून, वर महिना आणि साल लिहून, तो एका कपाटात ठेवता येईल. जागा थोडी लागेल, खर्च जवळजवळ नाही. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते कपाट उघडील आणि ‘मौजा’, ‘आराजी’, ‘इसारपत्र’ वाचत एका ओळीपाशी थांबेल. तिथे कोणा माणसाने, जगाला आपण नेमके कुठले हे कळावे म्हणून, दोन शब्दांचे पैसे जास्त मोजलेले असतील : गोरेगाव, जि. गोंदिया.